जमीन चार बोटं वर

चौकट

भडगावच्या पुढे, गिरणेच्या काठाला धरून असलेल्या एका गावात प्रेमराजचं घर आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी. दोन खोल्यांच्या मधल्या दाराला सागाची चौकट, आणि चौकटीच्या डाव्या अंगाला खालून वर चढत गेलेल्या रेघा. सगळ्यात खालची रेघ त्याची मुलगी मेघा पहिल्यांदा धरल्याशिवाय उभी राहिली तेव्हाची. पुढे दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एक.

पोरीनं पाठ लावून उभं राहायचं. टाचा लाकडाला, नजर समोर. प्रेमराज तिच्या डोक्यावर गुण्या ठेवायचा, गवंड्याचा तो लोखंडी काटकोन. एक बाजू लाकडाला, एक केसांवर. केस फुगलेले असतील तर दाबायचे. मग खालून खिळ्यानं रेघ.

प्रेमराज फरशीवाला. जळगावकडे नव्या कॉलन्या उठतात तिथे आठवडा आठवडा राहून फरश्या बसवायचा. त्यानं बसवलेल्या जमिनीवर गोटी ठेवली तर ठेवाल तिथेच थांबते, असं त्याचे ठेकेदार सांगत. तेव्हा पोरीच्या उंचीचं माप चुकेल, अशी शंका त्या घरात यायला वाटच नव्हती.

दोरा

त्याची थोरली बहीण कोकिळा धुळ्याला दिलेली. आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, तशी ती यायची. मागच्या निंबाला झोका बांधायचा, आणि त्या झोक्याशी या घरची एक रीत जोडलेली होती. गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. प्रेमराजच्या आजीनं कधी सुरू केली, का केली, ते कुणी विचारलं नाही.

आत्यानं, म्हणजे इकडच्या भाषेत फुईनं, पोराच्या डोक्यापासून टाचेपर्यंत लाल दोरा धरायचा आणि तेवढा कापायचा. झोक्याच्या दोराला मागच्या आखाजीचा दोरा बांधलेला असतो, तो सोडून नव्याच्या शेजारी धरायचा. नवा जेवढा जास्त भरेल, तेवढा तुकडा रिळातून कापून पोराच्या बटणाला, पोरीच्या वेणीला बांधायचा. ती वर्षाची वाढ. मग नवा दोरा झोक्याला, जुना गिरणेत.

प्रेमराजला ही रीत बायकांचा खेळ वाटायची.

"अक्का, दोरा ओढला की लांबतो, ढिला सोडला की आखडतो. चौकट आखडत नाही."

"तर मग ये ना. खालचं टोक टाचखाले धर. माले वाकता येत नही आते."

"मी गुण्या धरतो. तू तुझा दोरा धर."

आणि तो हसायचा. दर वर्षी हे असंच व्हायचं, आणि दोरा टाचेखाली दाबून धरायला रत्नाला, त्याच्या बायकोला, चुलीवरून उठून यावं लागायचं.

वाढ

कोकिळाचा मुलगा ललित मेघाहून वर्षानं लहान. त्याची आधी पावलं वाढली, मे महिन्यात घेतलेले बूट शाळा सुरू व्हायच्या आत बोटांना लागायला लागले, मग हात शर्टाच्या बाहेर आले, मग मांडीच्या आत आणि कमरेवर जांभळट रेघा उठल्या, आईला वाटलं कुणी मारलं, मग गुडघे दुखायला लागले, संध्याकाळी तेल चोळून घ्यायचा आणि कण्हायचा, मग भूक, कळण्याच्या भाकरी मोजणं घरानं सोडून दिलं, मग आवाज फुटला, हाक मारली की अर्धी हाक एका पोराची आणि अर्धी एका बाप्याची, आणि एके दिवशी कोकिळा त्याला थप्पड मारायला गेली तर हात गालापर्यंत पोचेना, तेव्हा दोघं मायलेक एकमेकांकडे बघत राहिले आणि मग हसत सुटले.

मेघाचं असं काही झालं नाही.

कोब्यावर फरशी बसवण्याची रीत

जुना सिमेंटचा कोबा फोडू नये. फोडला तर मजुरी वाढते आणि धूळ घरभर जाते. त्याला टोचे मारून खरखरीत करावं. पाणी मारावं. पाण्याच्या नळीनं चारी भिंतींवर एकच पातळी आखून घ्यावी. खोलीचा सगळ्यात उंच कोपरा शोधावा आणि तिथून सिमेंट-वाळूचा मसाला धरावा, म्हणजे कुठेच कमी पडत नाही. मसाला आणि फरशी मिळून जमीन तीन बोटं चढते. जुन्या घरात उतार असतो, तिथे चार.

जमीन चढली की दार अडकतं. मग दार बिजागरीवरून काढावं, खालून तेवढी पट्टी करवतीनं कापावी, रंधा मारावा, पुन्हा बसवावं. कापलेली पट्टी फेकू नये. कपाटाच्या पायाखाली द्यायला कामी येते.

चौकट तिथेच राहते. चौकट कुणी उचलत नाही.

प्रेमराजनं स्वतःच्या घरात फरशी टाकली त्याला तीन वर्षं झाली होती. इतरांच्या घरांतून उरलेले तुकडे त्यानं साठवले होते: कुण्या वकिलाच्या हॉलची पांढरी, कुण्या दवाखान्याची हिरवट, कुण्या देवघराची नक्षीची. घरात मेळ नव्हता, पण पातळी अशी की पाणी सांडलं तर कुठे जावं ते पाण्याला कळेना. मधल्या दाराशी, चौकटीला लागून, त्यानं सगळ्यात चांगला तुकडा बसवला. काळा ग्रॅनाइट, ज्यात तोंड दिसतं.

फरशी टाकल्यानंतरच्या पहिल्याच आखाजीला मेघा चौकटीला उभी राहिली. गुण्या ठेवला. रेघ ओढली. प्रेमराजनं मागच्या रेघेवर बोटं ठेवून बघितली आणि ओरडलाच.

"चार बोटं! रत्ना, अगं चार बोटं वाढली एका सालात!"

बाहेर निंबाखाली कोकिळानं दोरे शेजारी धरले. पुन्हा धरले. मेघाला जवळ घेतलं, वेणीला एक तुकडा बांधला, आणि पोर झोक्याकडे गेल्यावर घरात आली.

"भाऊ, दोरा मागल्या सालइतलाच शे."

"तू ढिला धरला असशील."

"मी ललितनाबी तसाच धरना."

"अक्का, बघ इकडे. रेघ बघ. आता लाकूड खोटं बोलतं का?"

कोकिळानं रेघ बघितली. चार बोटं होती खरी. ती नवा दोरा झोक्याला बांधायला निघून गेली.

लोक

– काय गं, सहावीत का तू? नववीत? हो का!

– पोरगी बुटकी असलेली बरी बाई. उंच पोरीला पोरगा शोधता शोधता जोडे झिजतात.

– अंगानं भरली आहे ना, मग झालं. चेहरा कसा गोल दिसतो.

– आळशी आहे. बघावं तेव्हा निजेलच ऱ्हास.

– वैशाखात गोधडी घेते. नखरे.

– आमची पण उशिराच वाढली होती.

– पहिल्या बाकावर बस गं, फळा दिसणार नाही. (सर. रोज. प्रेमानं.)

– रत्ना, तिचं ते सुरू झालं का? नाही? होईल, होईल.

– बाप एवढा ताडमाड आणि ही कुणावर गेली?

या शेवटच्या प्रश्नाला प्रेमराज उत्तर द्यायचा. "वाढतीये. चौकटीवर बघा येऊन." पुढच्या दोन्ही आखाज्यांना, मागच्या सालच्या आणि या सालच्या, रेघ वर सरकली होती. अर्धं अर्धं बोट का होईना, सरकली होती. आणि ती चार बोटं तर होतीच.

धुळे

या आखाजीला ललितचा तुकडा बटणाला बांधला तर पार पोटापर्यंत लोंबला. मेघाच्या वेणीत कोकिळानं काय बांधलं ते कोकिळालाच ठाऊक. सण झाल्यावर ती सासरी जायला निघाली आणि ओट्यावरच बसली.

"पोरले डाक्टरले दखाड. मी धुयाले नंबर लायी ठेवस. नही म्हणशी तं पुढली आखाजीले मी येत नही."

मग प्रेमराज मेघाला घेऊन धुळ्याला गेला. निघण्याआधी टेप काढून त्यानं सगळ्या रेघा जमिनीपासून मोजून घेतल्या. लिहून घेतल्या नाहीत. मापं त्याच्या डोक्यात राहायची.

मुलांच्या वाढीच्या डॉक्टरबाई होत्या. आत पेशंट आणि एकच जण, म्हणून कोकिळा बाहेर बाकावर राहिली. आत गेल्या गेल्या प्रेमराजनं जमीन बघितली. चांगली होती. एका कोपऱ्यात जरा दबलेली, पण चांगली.

मेघाची उंची भिंतीवरच्या मापावर घेतली. डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"आज किती आहे ते कळलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती किती वेगानं वाढते आहे. आधीची काही मापं आहेत का?"

असं कुणी विचारील याचीच जणू तो वाट बघत होता. दर आखाजीचं माप त्यानं धडाधडा सांगितलं, तेही अर्ध्या सेंटिमीटरसकट. डॉक्टरबाई ऐकता ऐकता कागदावरच्या आलेखात ठिपके देत गेल्या.

"एवढं नीट कुणी ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय करता?"

"फरशीकाम."

"म्हणूनच." त्यांनी ठिपके जोडले. आठी थोडी सैल झाली. "रेषा खाली आहे, पण चढते आहे. हे बघा, दोन वर्षांपूर्वी इथे तर छान उडी घेतली आहे. काही मुली उशिरा वाढतात. वाढ थांबलेली दिसली असती तर मी आजच रक्त तपासायला लावलं असतं. बाकी काही त्रास?"

झोप हा त्रास आहे असं प्रेमराजला वाटलं नाही. थंडी वाजणं हा त्रास आहे असंही वाटलं नाही. घरच्या गोष्टी कशाला सांगायच्या.

"नाही," तो म्हणाला.

मेघा त्या आलेखाकडे बघत होती. त्या उडीकडे.

"सहा महिन्यांनी या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

रसवंती

"बघ, काय म्हणाल्या? चढते आहे. माझी मापं बघून खूश झाल्या."

"तुनी मापं."

"मग कुणाची?"

"मना दोरासनं सांगं का त्यासले?"

"काय सांगू, मॅडम, माझी बहीण निंबाखाली दोरा धरते?"

"हा. तसंच सांगाले पाहिजे होतं."

रसवंतीवाला दोन ग्लास ठेवून तिसऱ्यासाठी ऊस घालत होता. घुंगरं वाजत होती.

"अक्का, तुला राग कशाचा आला, सांग. तुझा दोरा खोटा ठरला याचा? पोरगी वाढतीये याचा आनंद नाही?"

कोकिळानं ग्लास खाली ठेवला. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षांकडे बघत राहिली.

"मी तिनी वेणीले तुकडा बांधस ना," ती हळू म्हणाली, "तीन सालपासून मी तो बिनमापना बांधी ऱ्हायनू. पोर रडी म्हणून. तू माले शिकाडू नको आनंद कशाले म्हणतस."

मेघा बर्फ नको म्हणाली होती. तिला थंड सोसत नव्हतं. ग्लास ओढणीत धरून ती उभी होती. तिनं ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं.

बस

पारोळ्याच्या बसमध्ये लोक घामानं निथळत होते. मेघानं खिडकी लावून घेतली. मागच्या बाईनं तिला दोन शब्द सुनावले. तिनं अर्धी उघडली आणि ओढणी गळ्याभोवती घेतली.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पप्पा, तुम्हीपण त्याच साली वाढले ना?"

"काय?"

"मी चार बोटं वाढले त्या साली. तुम्हीपण वाढले."

"मी कशाला वाढीन आता, वेडे?"

"मधल्या दारातून जाताना तुम्ही वाकता. आधी नव्हते वाकत. सरळ जायचे." तिनं बाहेर बघितलं. कापसाची काढून झालेली रानं, नांगरटीची ढेकळं. "आईचा हात पण त्याच साली फळीला पोचायला लागला. तिला वाटलं फळी खाली आली."

प्रेमराज हसायला गेला. हसू आलं नाही.

पारोळा आलं. बस बदलली. भडगाव आलं.



दार

घरात शिरला. पिशवी ठेवली. आतल्या खोलीत जायला निघाला आणि मधल्या दाराशी आपसूक मान वाकवली, रोज वाकवायचा तशी. वाकलेलाच थांबला.

समोर कपाट होतं. कपाटाच्या पुढच्या पायाखाली लाकडाची एक पट्टी. दाराच्याच रंगाची.

चार बोटं रुंद.

खड्डा

पहिला घाव त्यानं ग्रॅनाइटच्या बरोबर मध्यावर घातला.

रत्ना धावत आली. "अहो! डोकं फिरलं का? तीच एक धड होती घरात!"

"सरक."

"कशाला फोडताय ते तरी सांगा!"

त्यानं सांगितलं नाही. छन्नीनं कडा मोकळ्या केल्या, तुकडे उचलले, खालचा मसाला खरवडला. स्वतःच धरलेला मसाला. घट्ट बसला होता. कुठे पोकळ आवाज नव्हता. त्या वेळी त्यानं किती मन लावून काम केलं होतं ते आता प्रत्येक घावाला कळत होतं. कोपराला खरचटलं. मग सिमेंटचा रंग बदलला, टोचे मारलेला जुना कोबा दिसायला लागला. दोन पावलं मावतील एवढा चौकोन त्यानं साफ केला, फुंकर मारली, हातानं पुसला.

"मेघा."

ती दारातच उभी होती. बहुधा मघापासून.

ती खाली उतरली. चार बोटं खाली. चौकटीला पाठ, टाचा लाकडाला, नजर समोर. त्यानं गुण्या ठेवला. केस दाबले. केस कोरडे लागले, गवतासारखे. हे त्याच्या हाताला आजवर कसं लागलं नव्हतं, कोण जाणे.

रेघ ओढायची गरज नव्हती. गुण्याची कड फरशी टाकण्याआधीच्या, तीन आखाज्यांपूर्वीच्या रेघेच्या जेमतेम बोटभर वर होती. त्याच्या वरच्या सगळ्या रेघा, ज्या त्यानं गावाला बोलावून बोलावून दाखवल्या होत्या, तिच्या डोक्यावर रिकाम्याच राहिल्या.

रत्नानं तोंडावर पदर धरला. तिला आता सांगायची गरज उरली नव्हती.

"तुला माहीत होतं?" प्रेमराजनं विचारलं.

मेघानं मान हलवली. हो की नाही ते कळेना.

"बोलली का नाही मग?"

"तुम्ही एवढे खूश होता." ती खड्ड्यातच उभी होती, बोलताना वर बघावं लागत होतं. "आणि मला वाटायचं, असेल खरं. तुमचं माप कधी चुकत नाही ना."

प्रेमराजनं त्या दिवशी जे केलं नाही

जेवला नाही. रत्नावर ओरडला नाही. तुकडे गोळा केले नाहीत. ठेकेदाराचा फोन उचलला नाही. पोरीला जवळ घेतलं नाही, घ्यायचं होतं तरी. बहिणीला फोन लावला. ती "बोल भाऊ" म्हणाली, तर बोलता आलं नाही.  फोन बराच वेळ चालू राहिला.

पुन्हा धुळे

"मॅडम, मी दिलेली मापं चुकीची आहेत."

"सगळी?"

"मापं बरोबर आहेत. जमीन सरकली होती." आणि त्यानं समजावून सांगितलं. कोबा, मसाला, फरशी. जुन्या रेघा त्यानं नव्या जमिनीवरून मोजल्या, म्हणून त्या होत्या त्यापेक्षा चार बोटं कमी भरल्या, म्हणून उडी दिसली. उडी पोरीची नव्हतीच. सांगताना त्याचा हात टेबलावर थापीसारखा फिरत होता. मग त्यानं बाहेर बसलेल्या बहिणीला आत बोलावलं, आत एकाच माणसाला परवानगी असताना, आणि म्हणाला, "ही दोऱ्यानं मोजते. हिचं बरोबर आहे. हिला विचारा."

कोकिळानं सगळं सांगितलं. दोऱ्याचं, झोपेचं, गोधडीचं, कोरड्या केसांचं. शुद्ध बोलायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला.

डॉक्टरबाईंनी जुना आलेख बाजूला ठेवून नवा घेतला. ठिपके पुन्हा दिले. या वेळी रेषा चढली नाही. थोडी वर जाऊन ती आडवी पडली आणि तशीच पडून राहिली.

रक्त घेतलं. डाव्या हाताचा एक्स-रे काढला. दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं.

"थायरॉइडची ग्रंथी काम करत नाहीये. गळ्यात असते ही. तिचा रस कमी पडला की सगळंच मंद होतं. झोप, थंडी, अंगाला सूज, पाळी न येणं, आणि वाढ. ही आळशी नाही. हिच्या अंगात जोरच नव्हता." त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. मेघाचा हात, काळ्यावर पांढरा. "इथे हाडांच्या टोकाशी फट दिसते? वाढ इथून होते. वय झालं की ही जागा भरून येते, मग काही करता येत नाही. हिची अजून उघडी आहे."

प्रेमराज त्या फटीकडे बघत होता. दोन हाडांच्या मध्ये, मसाला न भरलेल्या सांध्यासारखी काळी रेघ.

"गोळी रोज सकाळी, उपाशीपोटी. वाढेल ती."

"पूर्ण?"

"वाढेल," डॉक्टरबाई पुन्हा म्हणाल्या. "पण मधली वर्षं गेली. ती सगळीच्या सगळी परत मिळतील, असं मी सांगणार नाही."

"किती गेलं? अंदाजे."

"ते मोजून सांगता येत नाही."

त्यानं मान हलवली. आयुष्यभर त्यानं जे विचारलं त्याला आकड्यात उत्तर मिळत आलं होतं. मेघा खुर्चीवर बसली होती आणि तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

आखाजी

खड्डा त्यानं बुजवला नाही.

रत्ना रोज त्यावर पाट टाकायची. आल्यागेल्याचा पाय त्यात जायचा. "फरशीवाल्याच्या घरात खड्डा!" म्हणून ठेकेदार हसला. प्रेमराजनं त्याला चहा पाजला, दुसरं काही सांगितलं नाही. चौकटीवरच्या वरच्या रेघा त्यानं खरवडून काढायला घेतल्या होत्या. मेघा म्हणाली, राहू द्या. राहिल्या.

हिवाळ्यात ती गोधडी फेकून देऊन उठायला लागली. दुपारी झोपेनाशी झाली, उलट उत्तरं द्यायला लागली, आणि ती ऐकताना रत्नाला रडू यायचं. चेहऱ्याची गोलाई उतरली. संक्रांतीनंतर एक दिवस ती शाळेतून पाय ओढत आली आणि ओट्यावर बसून चपला काढल्या.

"आई, ह्या लागताहेत."

रत्नानं चपला हातात घेतल्या. बोटांचे ठसे अगदी पुढच्या कडेपर्यंत गेले होते. तिनं नवऱ्याला हाक मारली. दोघं त्या चपलांकडे बघत उभे राहिले. ललितचीही आधी पावलंच वाढली होती.

मग आखाजी आली. कोकिळा आली. ललित आता दारातून वाकून येत होता. मिशीची रेघ होती. मेघाला बघून तो काहीतरी टोमणा मारणार होता, पण आईनं डोळे वटारले.

"झोक्याखाली नको," प्रेमराज म्हणाला. "आत. जुन्या जमिनीवर."

त्यानं पाट उचलला. मेघा खड्ड्यात उतरली आणि चौकटीला पाठ लावली. कोकिळानं रिळातून दोरा सोडवला, एक टोक तिच्या डोक्यावर धरलं. रत्ना चुलीवरून उठायला लागली.

"तू बस," प्रेमराज म्हणाला.

तो खाली वाकला. गुडघे टेकले. दोऱ्याचं खालचं टोक त्यानं मेघाच्या टाचेखाली सरकवलं आणि आपलं बोट त्यावर दाबलं. गुण्या खुंटीवरच होता.

वर कोकिळा दोरा ताणत होती. 

तेव्हा त्याला जाणवलं. मेघाच्या टाचेचा भार बोटावरून हळूच कमी होत होता. अगदी थोडा. कागद सरकेल एवढी फट. वरून कुणालाच दिसलं नसतं. कोकिळाला नाही, रत्नाला नाही. फक्त त्याचं बोट त्या फटीत होतं.

तो काही बोलला नाही. वरही बघितलं नाही. बोट तिथेच ठेवून, जुन्या कोब्याचा खरखरीतपणा गुडघ्याला लागत असताना, तो नुसता थांबला.

मेघानं लांब श्वास सोडला. टाच खाली आली. सगळा भार त्याच्या बोटावर आला, आणि दुखला.

"धरं का रे भाऊ?" वरून कोकिळानं विचारलं.

"धरलं," तो म्हणाला. "काप."